उष्टा भाला

"हळद नको! लोखंडाला हळद लावू नका म्हणून किती वेळा सांगायचं?"

मी ओरडलो तेव्हा मारुतराव काळोखे भाल्यासमोर पाटावर बसले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. बोटं हळदीच्या वाटीत बुडवली, पात्यावरून सावकाश ओढली आणि मान न वळवता म्हणाले, "साहेब, वर्षातनं एक दिस हाय. तुमी बाहीर जाऊन च्या पिऊन या."

खंडेनवमी होती. सोनवडी संस्थानच्या वस्तुसंग्रहालयात मी तेव्हा संग्रहपाल होतो. माझ्या ताब्यात तलवारी, दांडपट्टे, पेंढा भरलेला एक बिबट्या आणि हा भाला. बाकी सगळं वर्षभर कपाटात मुकाट राहायचं. भाला मात्र खंडेनवमीला काचेबाहेर यायचा, त्याची पूजा व्हायची आणि दसऱ्याला तो पालखीपुढे मिरवत गावच्या शिवेवर जायचा. मिरवायचा मान काळोख्यांचा, कारण भाला त्यांच्या राणोजीचा. महाराजांवर चालून आलेलं रानडुक्कर राणोजीने याच भाल्याने लोळवलं आणि त्याचे केस दांड्याला बांधले, हे गावातलं शेंबडं पोरसुद्धा सांगायचं. तो केसांचा काळा झुपका दांड्याच्या मधोमध होता, आणि मारुतराव त्याला दरवर्षी तेल लावून विंचरायचे.

भाला परत यायचा तो हळद, तेल आणि नारळाचं पाणी अंगावर घेऊन. मग मी दिवाळी होईपर्यंत गंज काढत बसायचो. मला तो काचेत हवा होता, कायमचा. मारुतरावांना तो हातात हवा होता. एस.टी.च्या डेपोत मेकॅनिक म्हणून उभा जन्म काढलेला हा माणूस. एरवी गावात कुणी त्याला 'बसा' म्हणत नसे. दसऱ्याला मात्र वकील, डॉक्टर, सरपंच सगळे त्याच्या मागून चालायचे. त्याच्याजवळ भाल्याखेरीज दुसरं काही नव्हतं, आणि मी नेमका त्यावरच डोळा ठेवून होतो.

"आबा, आता आम्ही लावू का कुंकू?" त्यांची मुलगी सुवर्णा म्हणाली.

सुवर्णा पुण्याला फार्मसी शिकत होती आणि सुट्टीला मैत्रिणीला घेऊन आली होती. मैत्रीण हिल्डा कावारी, नामिबियाची. नामिबिया आफ्रिकेच्या खालच्या टोकाला, पश्चिमेच्या अंगाला, हे मी आल्यापासून सगळ्यांना सांगत होतो, आणि ऐकून घेतल्यावर सगळे तिला 'आफ्रिकेची पाहुणी'च म्हणत होते. मारुतरावांच्या कारभारणीने तिला हिरवी काठापदराची साडी नेसवली होती. ती साडी तिने आमच्या मुलींपेक्षा झोकात सावरली होती. पुण्यात राहून मराठीही बरी बोलायची.

तिने ताम्हन घेतलं, वाकली, आणि कुंकवाचं बोट पात्याकडे नेता नेता थांबली. तिने दांड्याकडे बघितलं, मग झुपक्याकडे. ताम्हन खाली ठेवलं. गुडघ्यावर बसली आणि दोन्ही तळवे दांड्यावर ठेवून तिच्या भाषेत काहीतरी पुटपुटली.

"काय झालं गं?" सुवर्णा म्हणाली.

"हा आमचा आहे."

"आमचा म्हणजे?"

"आमच्या लोकांचा. हेरेरो लोकांचा. शिकारीचा भाला. माझ्या काकांच्या घरी असाच आहे, त्याचं पातं तुटलेलं आहे." तिने झुपका बोटांत धरला. "हे डुकराचे केस नाहीत. बैलाची शेपूट आहे."

माझ्या अंगावर काटा आला. खोटं कशाला बोलू, आनंदाने आला. आमच्याकडच्या भाल्याला वेळूचा दांडा असतो. याचा दांडा पात्यासकट लोखंडी होता आणि ते मला पहिल्या दिवसापासून खुपत होतं. महाराजांना विलायतेच्या फेऱ्यांची हौस. कुठल्या तरी लिलावात ढिगाने वस्तू उचलल्या असणार, त्यात हा आला असणार. पण माझ्याकडे पुरावा नव्हता. आता पुरावा हिरव्या साडीत समोर बसला होता.

"मारुतराव, ऐकलंत?"

"ऐकलं." त्यांनी हळदीची वाटी हळूच बाजूला सरकवली. "ल्येकराला कायतरी सारखं दिसलं आसंल."

"सारखं नाही, आबा," हिल्डा म्हणाली, आणि मग त्यांचा चेहरा बघून घाबरली. "मी कुणाला सांगणार नाही. मला फक्त काकांना फोन करू दे."

पण सांगायचं कुणाला राहिलंच नव्हतं. दारात आमच्या ट्रस्टचे सचिव रणनवरे वकील उभे होते. त्यांच्या घराकडे अबदागिरीचा मान, म्हणजे भाल्याच्या मागचा, आणि तो मागचा असल्याचं दुःख त्यांच्या तीन पिढ्या गिळत आल्या होत्या. वकिलांनी सगळं ऐकलं होतं. ते खुर्ची ओढून बसले.

हिल्डाने फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू यावा म्हणून स्पीकरवर ठेवला. तिचे थोरले काका म्हणजे घरच्या पवित्र अग्नीचे राखणदार. गेलेल्या माणसांशी बोलायचं ते त्या अग्नीपाशी, आणि बोलायचं त्या काकांनीच, असं तिने आम्हाला समजावलं. पलीकडून म्हाताऱ्याचा खरखरीत आवाज आला. हिल्डा बोलत गेली. मग म्हाताऱ्याने काहीतरी विचारलं.

"ते विचारतात, हा इतकी वर्षं कुणी सांभाळला?"

'संग्रहालयाने' असं मी म्हणणार होतो. तिने माझ्याकडे न बघता मारुतरावांचं नाव सांगितलं.

"ते विचारतात, यांच्या वडिलांचं नाव काय?"

"ज्ञानू," मारुतराव गोंधळून म्हणाले.

"त्यांच्या वडिलांचं?"

"ज्ञानूचा बाप खंडू. खंडूचा येसाजी. येसाजीचा राणोजी." हे त्यांनी एका दमात सांगितलं. मला माझ्या पणजोबांचं नाव आठवत नव्हतं.

म्हातारा समाधानाने हुंकारला आणि बराच वेळ बोलत राहिला. हिल्डा ऐकत होती आणि अस्वस्थ होत होती.

"ते म्हणतात, इतक्या लांब आमची वस्तू सापडली तर तिच्या गेलेल्या माणसांना कळवायला पाहिजे. मी कळवू शकत नाही. मी मुलगी आहे, लहान आहे. काका येऊ शकत नाहीत. ज्या घरानं सांभाळलं त्या घरच्या थोरल्यानं कळवावं." ती अडखळली. "तोंडात पाणी घ्यायचं. आपल्या बापजाद्यांची नावं सांगायची, कोण आलंय ते सांगायचं. आणि ते पाणी भाल्यावर फुंकायचं."

"तोंडातलं पानी?" मारुतराव पाटावरून उठले. "भाल्यावर? उष्टं?"

"आमच्यात तसंच असतं, आबा. मुलांवर पण फुंकतात. आशीर्वाद असतो."

"तुमच्यात आसंल. हितं द्येव हाय त्यो. आज खंडेनवमी हाय. पोरी, तू पाहुनी हायस म्हनून गप बसतो."

"आणि लोखंडावर पाणी तर मुळीच नाही," मी म्हणालो. त्या भाल्यावरून मारुतराव आणि मी एका बाजूला उभे राहिल्याचं ते पहिलंच उदाहरण.

रणनवरे वकील खुर्चीतून खुदकन हसले.

*

दसऱ्याला सकाळीच वकील संग्रहालयात आले.

"सरपोतदार, आज पालखी निघायच्या आधी चौकात चार शब्द बोला. तुम्ही शिकलेले, तुमचं लोक ऐकतील. भाला राणोजीचा नाही, एवढंच सांगायचं. पुढचं आम्ही बघतो."

"म्हणजे भाला काचेत राहील?"

"काचेत? दसऱ्याचा भाला काचेत कसा राहील? आमचा पुतण्या धरेल."

"अहो, पण तो राणोजीचा नाही तर मिरवायचा कशाला?"

"मिरवणूक भाल्याची असते हो. राणोजीची कुठे असते?"

माझं डोकंच फिरलं. मी त्यांना दाराबाहेर काढलं नाही इतकंच. ते गेल्यावर मी दालनात येरझाऱ्या घालत राहिलो. एक कपाट उघडलं, बंद केलं. चहा मागवला आणि गार होऊ दिला. इतकी वर्षं जे सिद्ध करायला धडपडत होतो ते आयतं हातात पडलं होतं, आणि त्याचा उपयोग एका वकिलाच्या पुतण्याला होणार होता. बसवेना. शेवटी चपला घातल्या आणि काळोख्यांच्या घरी गेलो.

दारात हिल्डाची बॅग भरून ठेवलेली होती. आत पुरण शिजल्याचा वास, पण घरात सणाचा आवाज नव्हता. मारुतराव ओट्यावर फेटा मांडीवर घेऊन बसले होते. हिल्डा आणि सुवर्णा खालच्या पायरीवर. दोघी रडून झाल्या होत्या.

"या साहेब. वकिलाचा निरोप घिऊन आलासा?"

"नाही. सांगायला आलोय की, मी चौकात काही बोलणार नाही. ही पोरगी बोलणार नाही. वकिलाचं कोण ऐकतंय? तुम्ही भाला घ्या आणि चला. हळद लावा, तेल लावा, काय हवं ते लावा."

मारुतराव फेट्याच्या घड्या बोटांनी नीट करत राहिले.

"साहेब, तुमी सांगा. पोरीचं खरं हाय का?"

मला उत्तर टाळायचं होतं. त्यांनी टाळू दिलं नाही. माझ्याकडे बघतच राहिले.

"खरं आहे," मी म्हणालो.

"मला ठावं हाय." ते म्हणाले. "डुकराचा केस राठ आसतो, बोटाला टोचतो. मी ल्हानपनापासनं त्येला तेल लावतोय. मला कळत न्हाई व्हय? आमच्या बापालाबी कळत आसंल. कुनी कुनाला इचारलं न्हाई." मग हिल्डाकडे वळले. "पोरी, बॅग कशाला भरलीस?"

"माझ्यामुळे तुमचा मान जातोय."

"त्ये र्‍हाऊ दे. मला येक सांग. तुमच्या लोकांचा भाला हितवर आला कसा? इकला का कुनी?"

हिल्डाने मान हलवली. ती मराठीत सांगू लागली आणि शब्द अडले तिथे सुवर्णा पुरवत गेली. शंभरेक वर्षांपूर्वी जर्मन आले, गुरं गेली, जमीन गेली. लढाई झाली. हरलेल्यांना वाळवंटात हाकललं, बायकापोरांसकट. विहिरींवर शिपाई बसवले. जे पाण्याकडे वळले त्यांना गोळ्या घातल्या आणि जे वळले नाहीत ते तहानेने गेले. कुणी पाण्यासाठी हातांनी वाळू उकरून खड्डे केले, तिथेच मेले. त्यांच्या वस्तू ज्यांनी उचलल्या त्यांनी विकल्या. तिच्या काकांचे आजोबा तेव्हा लहान होते. वाचले, कारण आईने त्यांना गाईच्या आचळाला लावलं होतं आणि ती गाय उशिरा मेली.

"पाणी फुंकायची पद्धत त्याच्याही आधीची आहे," ती म्हणाली. "पण माझी आजी म्हणायची, आता ते पाणी त्यांना पण पोचतं."

स्वयंपाकघरातून मारुतरावांची बायको दारात येऊन उभी होती, हात पिठाने भरलेले. मी उगाच बॅगेच्या पट्ट्याकडे बघत राहिलो.

मारुतराव उठले. फेटा बांधायला घेतला.

"बॅग आत ठेव," ते म्हणाले. "जेवल्याबिगर कुनी जानार न्हाई."

काय करणार ते त्यांनी सांगितलं नाही, आणि विचारायची माझी हिंमत झाली नाही. मी जेवलो.

*

ऊन कलल्यावर पालखी निघाली. चौकात रणनवरे वकिलांनी माझ्याकडे दोनदा खूण केली. मी ताशेवाल्याकडे बघत उभा राहिलो. मारुतराव पुढे, हातात भाला, पाठ ताठ. नेहमी ते डुलत चालायचे, ओळखीच्यांना डोळ्यांनी रामराम करायचे. आज कुणाकडेच बघत नव्हते. हिल्डा आणि सुवर्णा बायकांच्या घोळक्यात होत्या. मी पालखीच्या बाजूने चाललो होतो आणि माझं लक्ष सारखं त्यांच्या पाठीकडे जात होतं.

शिवेवर आपट्याचं झाड आहे, शेजारी दगड. दरवर्षी भाला त्या दगडाला टेकवायचा, आरती व्हायची आणि मग लोक सोनं लुटायला धावायचे. मारुतरावांनी भाला टेकवला. ताशा थांबला. पुजाऱ्याने आरतीचं तबक उचललं.

"थांबा वाईच," मारुतराव म्हणाले. "सुवर्णे, पान्याचा तांब्या आन."

तांब्या आला. त्यांनी हिल्डाला पुढे बोलावलं. ती आली. मारुतरावांनी फेटा काढून काखेत धरला. दसऱ्याच्या दिवशी शिवेवर काळोख्याला बोडकं बघून माणसं पुढे सरकली.

"मी मारुती," ते मोठ्याने म्हणाले. "ज्ञानूचा. ज्ञानू खंडूचा. खंडू येसाजीचा. येसाजी राणोजीचा." मग भाल्याकडे वळले. "ज्यांचा ह्यो भाला हाय त्येंनी ऐकावं. तुमची ल्येक आलीया, कावारींची. भाला तुमचा हाय, आमचा न्हाई. आमचा म्हनून आजवर मिरवला. कसा आला आमाला ठावं न्हाई. पर कवा अडगळीत टाकला न्हाई, कवा त्येच्यावर धूळ बसू दिली न्हाई. तुमी तहानलेलं गेलासा म्हनं." त्यांचा आवाज फुटला. "पानी घ्या."

त्यांनी तांब्या तोंडाला लावला, गाल भरून पाणी घेतलं आणि भाल्यावर फुंकलं. पात्यावर, दांड्यावर, झुपक्यावर. हळद ओघळून खाली आली. मग पुन्हा एक घोट घेतला आणि पुन्हा फुंकलं.

हिल्डा जमिनीवर बसली आणि मोठमोठ्याने रडू लागली. सुवर्णा तिला धरून बसली. मग एकदम सगळे बोलायला लागले. पुजारी तबक घेऊन दोन पावलं मागे सरला होता. कुणी म्हणालं, म्हाताऱ्याला चळ लागला. कुणी म्हणालं, बाटवला.

"काळोखे!" रणनवरे वकिलांचा आवाज सगळ्यांवर चढला. "तुम्हीच तुमच्या तोंडाने सांगितलंत, भाला तुमचा नाही म्हणून. आणि वर उष्टा केलात. आता हात लावायचा नाही."

"न्हाई लावत," मारुतराव म्हणाले. त्यांनी इकडेतिकडे बघितलं. वकिलांच्या पुतण्याने पुढे केलेला हात ओलांडून भाला माझ्या हातात दिला. "उष्टं तुमच्या घरात चालायचं न्हाई, वकील. साहेबांचं काचंचं घर हाय. त्येंना चालतं."

पुतण्याने हात मागे घेतला. उष्ट्या भाल्याला हात लावायची त्याची तयारी नव्हती, आणि वकिलांनाही ते तेव्हाच कळलं.

त्या दिवसानंतर भाला कधीच काचेबाहेर निघाला नाही. उष्टी वस्तू पालखीपुढे नको, असा ठराव ट्रस्टनेच केला. पाटीवर मी 'हेरेरो शिकारी भाला, नैर्ऋत्य आफ्रिका' असं लिहिलं. मला हवं होतं ते सगळं झालं. तो त्याच्या माणसांना परत पाठवावा, असं मी ट्रस्टला सांगून बघितलं, पुन्हा सांगून बघितलं. निवृत्त झालो तरी विषय 'विचाराधीन'च आहे. मारुतरावांना पुढे कुणी पालखीला बोलावलं नाही.

पण हे नंतरचं. त्या संध्याकाळी आम्ही शिवेवरून परत येत होतो. पुढे ताशा, पालखी, अबदागिरी. मी सगळ्यांच्या मागे, ओला भाला छातीशी धरून, आणि माझ्याही मागे मारुतराव. जन्मात पहिल्यांदा ते मिरवणुकीच्या शेपटाला चालत होते. त्यांच्या मुठीत आपट्याची पानं होती. ती घ्यायला कुणी आलं नव्हतं.

मागून दोघी मुली धावत आल्या. हिल्डाच्या कानाला फोन होता.

"आबा, थांबा. काका बोलतायत."

मारुतराव थांबले. "झालं म्हनावं. सांगितल्यागत केलं."

"सांगितलं मी. ते म्हणतात, आज सूर्य मावळला की ते अग्नीपुढे बसणार. आणि तुमचं नाव घेणार. ज्यानं पाणी दिलं त्याचं नाव गेलेल्यांना माहीत पाहिजे म्हणतात. पुढे दरवर्षी घेणार. ते नावं विचारतायत, परत सगळी. चुकायला नको म्हणून."

मारुतराव तिच्याकडे बघत राहिले.

"राणोजीचं बी?"

हिल्डाने फोनमध्ये विचारलं. पलीकडून उत्तर यायला वेळ लागला नाही.

"ते म्हणतात, पहिलं त्यांचंच."

मारुतराव रस्त्यातच उकिडवे बसले. पुरुषाला डोळ्यांना लावायला पदर नसतो, त्यांनी फेट्याचं टोक लावलं. मग हात लांब करून तिच्याकडून फोन घेतला आणि ज्या माणसाला त्यांच्या बोलण्यातलं अक्षर कळणार नव्हतं त्याला, एस.टी.च्या डेपोत हाक मारावी तशा मोठ्या आवाजात, एकेक नाव सांगायला सुरुवात केली.